दार ठोठावलं जातंय: आठ ते बारा वर्षांच्या वाचकाला कादंबरी सुचवताना

[दृश्य: अंधारा जिना. फक्त बुटांचा आवाज.]

कोपनहेगन, १९४३. डेन्मार्क जर्मन सैन्याच्या ताब्यात आहे. दहा वर्षांच्या अ‍ॅनमरीकडे आज तिची मैत्रीण एलन मुक्कामाला आली आहे. एलन ज्यू आहे आणि ज्यूंची धरपकड होणार, अशी कुणकुण लागली आहे. उजाडायच्या आधीच दार ठोठावलं जातं. सैनिक घर तपासायला आत येतात. एलनच्या गळ्यात साखळी आहे, त्यात सहा टोकांची चांदणी. तिचा धर्म सांगणारी. साखळी निघत नाहीये आणि बुटांचा आवाज जवळ येतोय.

इथे थांबायचं. पुस्तक मुलाच्या हातात द्यायचं.

लोइस लोरी यांची ही कादंबरी, ‘नंबर द स्टार्स’, १९८९ साली आली. ‘यातून धैर्य शिकायला मिळतं’ असं सांगून ती कुणाला दिली, तर ती कपाटात पडून राहण्याची शक्यताच जास्त. साखळीपर्यंतची गोष्ट सांगून दिली, तर मूल निदान ते पान शोधायला तरी पुस्तक उघडतं.

[दृश्य: पुस्तकांचं कपाट. कण्यांवरून फिरणारं बोट.]

आठ ते बारा हे फार नाजूक वय. अक्षरं जोडून वाचायची धडपड संपलेली असते, पण वाचायची सवय अजून मुरलेली नसते. याच वयात अनेक मुलं पुस्तकांपासून सुटतात. आणि आपण मोठी माणसं त्यांना काय सांगतो? ‘हे वाच, चांगलं आहे.’ कुणासाठी चांगलं, ते सांगतच नाही. मुलाला त्यात अभ्यासाचा वास येतो. बोध आधी सांगण्याची घाई कशाला? गोष्टीत नेमकं कुठे कोण अडकलंय, एवढं सांगितलं तरी भरपूर झालं.

‘मला वाचायला कंटाळा येतो’ म्हणणाऱ्या मुलासाठी आधी गॅरी पॉलसन यांची ‘हॅचेट’ काढावी. १९८७ सालची. तेरा वर्षांचा ब्रायन छोट्या विमानातून वडिलांकडे निघालाय. विमानात दोघंच, तो आणि वैमानिक. वाटेत वैमानिकाला हृदयविकाराचा झटका येतो. खाली कॅनडातलं अफाट जंगल आणि ब्रायनच्या कमरेला आईनं दिलेली एक लहान कुऱ्हाड.

ही कादंबरी का चालते, हे नीट पाहण्यासारखं आहे. पात्रं जवळजवळ नाहीतच, त्यामुळे नावं लक्षात ठेवायची कटकट नाही. वाक्यं आखूड, शब्द पुन्हा पुन्हा येणारे. प्रश्न पोटाचा, निवाऱ्याचा, आगीचा. अंधारात एका जनावरावर तो कुऱ्हाड भिरकावतो, ती दगडावर आपटते आणि ठिणग्या उडतात. त्या ठिणग्यांची आग कशी करायची, हे त्याला लगेच उमगत नाही. गवत पेटत नाही, काटक्या पेटत नाहीत. लेखक आपल्याला तिथेच बसवून ठेवतो. मोठा वाचक कदाचित ती पानं भरभर उलटेल. अकरा वर्षांचं मूल तीच पानं सर्वांत सावकाश वाचतं, कारण त्याला खरंच जाणून घ्यायचं असतं की पुढे काय करून पाहायचं.

ज्याला ‘हे बरोबर नाही!’ असं सारखं वाटतं, त्याच्यासाठी लुई सॅकर यांची ‘होल्स’. न केलेल्या चोरीसाठी एका मुलाला सुधारगृहात धाडलंय. नाव तळ्याचं, पण तिथे तळंच नाही. रोज एक खड्डा खणायचा, पाच फूट खोल, पाच फूट रुंद. कशासाठी? बस्स, एवढंच विचारून गप्प राहावं.

अजून लहान, आठ-नऊ वर्षांचा वाचक असेल, तर एरिख केस्टनर यांचा ‘एमिल’ आणि त्याचे गुप्तहेर मित्र. मूळ जर्मन कादंबरी १९२९ ची. बर्लिनला जाणाऱ्या गाडीत एमिलचे पैसे चोरीला जातात आणि पोलिसांकडे जायची त्याला भीती वाटते, कारण गावातल्या पुतळ्यावर त्यानं स्वतःच एक उद्योग करून ठेवलाय.

[दृश्य: चित्रकादंबरीचं पान, चौकटी, संवादाचे फुगे.]

चित्रांची पुस्तकं म्हणजे वाचन नव्हे, असं कुणी म्हटलं की वाईट वाटतं. जेरी क्राफ्ट यांच्या ‘न्यू किड’ला २०२० साली न्यूबेरी पदक, म्हणजे बालसाहित्यासाठीचा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार, मिळालं. १९२२ पासून दिल्या जाणाऱ्या या पदकाची ती पहिलीच चित्रकादंबरी. चेहरा, चौकट आणि शब्द यांचा एकत्र अर्थ लावणं हेही वाचनच आहे, आणि ते सोपं नाही.

भाषेबद्दल एक आग्रह. इंग्रजी जड जात असेल, तर इंग्रजीतच वाच म्हणून अडून बसू नये. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला आणि ‘टॉक्’ करणारा फास्टर फेणेही दिला. गोष्ट ज्या भाषेत मुलाला ओढून नेते, ती त्या मुलासाठी योग्य भाषा. किंवा पहिली दोन प्रकरणं आपणच मोठ्यानं वाचून दाखवावीत. बारा वर्षांच्या मुलालाही ते हवं असतं, मागत नसलं तरी.

आणि दुःख? कॅथरीन पॅटर्सन यांच्या ‘ब्रिज टू टेराबिथिया’त, १९७७ च्या, एक फार मोठा धक्का आहे. तो काय, ते इथे सांगत नाही. लेखिकेनं ती लिहिली आपल्या मुलाच्या वाट्याला आलेल्या तशाच दुःखातून. अशी पुस्तकं मुलांपासून लपवू नयेत, असं मला ठाम वाटतं. फक्त ‘यात एक जागा फार अवघड आहे, तिथे पोचलास की मला सांग’ एवढं म्हणावं, आणि त्या दिवशी मुलासाठी वेळ काढावा.

[दृश्य: दोन मुलं, मधे उघडं पुस्तक.]

अर्ध्यावर सोडलेल्या पुस्तकावरून रागवू नये. कुठे सोडलंस, हे मात्र विचारावं. वर्णनापाशी सोडलं असेल, तर पुढचं पुस्तक संवादांचं द्यावं. फार भीती वाटली म्हणून सोडलं असेल, तर एमिलकडे वळावं. पूर्ण झालं असेल, तर विचारावं, हे तू कुणाला देशील? मग ते मूल आपल्या मित्राला गोष्ट सांगू लागेल. लांबण लावेल, नावं चुकवेल, कदाचित शेवटही सांगून टाकेल. मधे बोलू नये. तो मित्र पुस्तक मागणारच आहे.