गोळा भरायला लागणारा वेळ

श्रोतेहो, नमस्कार. 1999 च्या उन्हाळ्यात कारगिलच्या डोंगरांवर आपल्या तोफखान्याने सुमारे अडीच लाख तोफगोळे, उखळी बॉम्ब आणि रॉकेटे डागली. दिवसाला सरासरी 5,000 आणि टायगर हिल परत घेतली त्या दिवशी 9,000. ती लढाई मोजक्या शिखरांपुरती होती. हाच हिशेब पंजाबपासून लडाखपर्यंतच्या सीमेवर महिनोन्‌महिने चालणाऱ्या युद्धाला लावून पाहिला, तर छाती दडपते.

आपल्याकडे युद्धसाठा दिवसांत मोजतात. घनघोर लढाईत 40 दिवस पुरेल एवढा दारूगोळा असावा, असे प्रमाण ठरलेले होते. मात्र महालेखापरीक्षकांच्या 2017 च्या अहवालानुसार 152 पैकी 61 प्रकारांचा दारूगोळा 10 दिवसही पुरला नसता. त्याच अहवालातली दुसरी नोंद मला अधिक अस्वस्थ करते. मोठ्या तोफांचा बराचसा दारूगोळा कोठारात असूनही केवळ फ्यूज, म्हणजे गोळ्याचा स्फोट घडवणारा भाग, नसल्यामुळे डागता येण्याजोगा नव्हता. पोलादाचा गोळा होता, आत स्फोटकही होते, आणि टोकाला बसवायचा हाताएवढा भाग नव्हता. पुढे तातडीच्या खरेदीचे अधिकार लष्कराला मिळाले, परिस्थिती सुधारली. पण साखळी कुठे तुटते, हे त्या नोंदीने दाखवून दिले.

बोफोर्स तोफेचा 155 मिलिमीटरचा गोळा साधारण 45 किलोंचा असतो. सुमारे 80 अंश सेल्सिअसला वितळवलेले टीएनटी हे स्फोटक त्याच्या कवचात ओतून सावकाश थिजू द्यावे लागते, कारण घाईने थंड केले तर आत पोकळी राहते आणि असा गोळा नळीतच फुटून तोफेवरच्या जवानांचा घात करू शकतो. म्हणून भरलेले गोळे क्ष-किरणांनी तपासतात. युद्ध पेटले म्हणून ही पायरी गाळता येत नाही.

गोळ्याला नळीतून बाहेर फेकणारे प्रोपेलंट नायट्रोसेल्युलोजपासून बनते, आणि नायट्रोसेल्युलोजचा जुना, भरवशाचा कच्चा माल म्हणजे सरकीला चिकटून राहणारी कापसाची आखूड लव, व्यापारातले लिंटर. मार्च 2023 मध्ये युरोपीय संघाने युक्रेनला 12 महिन्यांत 10 लाख गोळे देण्याचा शब्द दिला. मुदत संपली तेव्हा जेमतेम निम्मे पोहोचले होते. तिजोरीत पैसा होता, पण शांततेच्या वर्षांत कारखान्यांची क्षमता आटली होती आणि लिंटरसाठी मोठी भिस्त चीनवर होती.

आपली स्थिती या बाबतीत बरी आहे. कापूस विदर्भात पिकतो, प्रोपेलंट बनवणारी भंडाऱ्याची आयुध निर्माणी आणि दारूगोळा भरणारी चांद्याची निर्माणीही विदर्भातच आहे. 24 जानेवारी 2025 रोजी भंडाऱ्यातल्या स्फोटात 8 जणांचा बळी गेला. स्फोटकांना रोज हात लावून काम करणारी अशी माणसे आणि त्यांचे वर्षानुवर्षांचे कसब, हाच माझ्या मते खरा युद्धसाठा आहे. मागणी दोन वर्षे थांबली की ती माणसे पांगतात आणि यंत्रे विकत घेऊन ते कसब परत मिळत नाही.

कोठारात किती दिवसांचा दारूगोळा आहे, हे वारंवार विचारले जाते. आज उत्पादन दुप्पट करायचे ठरले, तर पहिला वाढीव गोळा किती महिन्यांनी बाहेर पडेल आणि त्याचा फ्यूज तेव्हा तयार असेल का, हेही संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने दरवर्षी प्रत्येक निर्माणीला विचारावे, असा माझा आग्रह आहे. नमस्कार.