एका जिन्याभोवतीची आठ घरं

मंडळी, थंडी म्हटली की आपल्याला हुरडा आठवतो. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात नोव्हेंबर लागला की गरीब घरातली माणसं मीटरकडे बघायला लागतात. तिथे अशा घरांत बरेचदा प्रीपेड मीटर असतो. आधी पैसे भरायचे, मग गॅस. पैसे संपले की हीटर थंड. कंपनीच्या वहीत थकबाकीसुद्धा दिसत नाही, कारण माणसाने स्वतःच आपलं कनेक्शन तोडलेलं असतं.

याला तिकडे ‘फ्यूएल पॉव्हर्टी’ म्हणतात. आपण इंधन-दारिद्र्य म्हणू. ब्रिटिश संशोधक ब्रेंडा बोर्डमन यांनी १९९१ साली उत्पन्नाच्या १० टक्क्यांची रेघ मांडली. स्कॉटलंडच्या २०१९च्या कायद्यातही ती आहे. घराचं भाडं किंवा हप्ता वजा जाता हाती राहिलेल्या उत्पन्नातले १० टक्क्यांहून जास्त इंधनावर जात असतील आणि उरलेल्यात धड जगता येत नसेल, तर ते कुटुंब इंधन-दरिद्री. यातली खरी हुशारी वेगळीच आहे. हिशोब आलेल्या बिलाचा नाही. बैठकीची खोली २१ अंशांवर आणि बाकीच्या १८ अंशांवर ठेवायला किती खर्च येईल, त्याचा आहे. कुडकुडणाऱ्याचं बिल कमीच येणार, नाही का? या मोजणीने २०२३मध्ये स्कॉटलंडमधली ३४ टक्के कुटुंबं इंधन-दरिद्री ठरली. २०४०पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आणायचं असं कायदा म्हणतो.

पगार, इंधनाचा दर आणि घर, ही तीन कारणं. पहिली दोन नगरपालिकेच्या हातात फारशी नाहीत. घर मात्र एकदा नीट केलं की पुढची कित्येक वर्षं काम देतं.

आता ग्लासगोचं घर कसं? तिथली ‘टेनेमेंट’ म्हणजे वालुकाश्माची तीन-चार मजली इमारत. मधे एक जिना, त्याच्याभोवती आठेक बिऱ्हाडं. गिरगावातल्या माणसाला अनोळखी वाटायची नाही. छत उंच, खिडक्या मोठ्या, भिंत जाडजूड पण भरीव. दोन पदरी भिंतीच्या पोकळीत ऊब धरून ठेवणारं आवरण भरता येतं, ते काम सोपं आणि स्वस्त. इथे पोकळीच नाही. आतून आवरण लावावं तर आधीच लहान असलेली खोली आणखी आक्रसते, बाहेरून लावावं तर दगडी दर्शनी भाग झाकला जातो.

गोव्हनहिल भागातल्या निड्री रोडवर अशीच आठ घरांची एक जुनी इमारत घरं भाड्याने देणाऱ्या एका गृहनिर्माण संस्थेने दुरुस्त केली. पुढच्या बाजूला आवरण आतून, मागच्या बाजूला बाहेरून. फटी बुजवल्या आणि हवा खेळती ठेवणारी यंत्रणा बसवली. ही यंत्रणा विसरू नका! फटी बुजवून हवा कोंडली की पावसाळ्यात घरात कपडे वाळत घातल्यावर होतं तेच होतं: ओल, मग बुरशी, मग पोरांचा खोकला.

एक गंमत सांगतो. अशा दुरुस्तीनंतर बिल अपेक्षेइतकं उतरत नाही. हिशोबनीस म्हणतात, योजना फसली. अहो, आधी एकच खोली तापवणारं कुटुंब आता दोन खोल्या तापवतं! आजीला स्वयंपाकघरात स्वेटर लागत नाही, ही बचत कुठल्या रकान्यात मांडणार?

निड्री रोडला काम निघालं, कारण आठही घरं त्या संस्थेच्याच ताब्यात होती. बाकीच्या जिन्यांवर मालक आठ. एक म्हातारी, एक भाडेकरू ठेवून परगावी गेलेला, एक नुकताच कर्ज काढून आलेला. छताखाली आवरण घातलं की ऊब वरच्याला, मग तळमजल्यावाला पैसे का देईल? आपल्या सोसायटीत लिफ्टच्या सभेला बसलेल्यांना हे समजावून सांगायला नको. स्कॉटलंडच्या २००४च्या टेनेमेंट कायद्याने दुरुस्तीचा निर्णय बहुमताने घेता येतो. पण आठांत बहुमत म्हणजे पाच, आणि ती पाच दारं कुणीतरी जाऊन ठोठावावी लागतात. त्यासाठी नेमलेल्या माणसाचा पगार योजनेच्या अंदाजपत्रकात आहे का, हे मी आधी बघतो.