कोरोनानंतरची रक्तशर्करा

२०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत नाशिकमध्ये खाटा आणि प्राणवायूसाठी धावाधाव सुरू असताना अनेक रुग्णांच्या कागदांवर वाढलेल्या रक्तशर्करेचीही नोंद होत होती. ही वाढ स्टेरॉइडमुळे आहे, औषध थांबले की साखर उतरेल, असे नातेवाइकांना सांगितले जाई आणि अनेकांच्या बाबतीत ते खरेही ठरले, कारण डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड यकृतातून साखर अधिक सोडते आणि इन्शुलिनचा परिणाम कमी करते. चिंता आहे ती साखर उतरली की नाही, हे पुन्हा तपासलेच नाही अशांची.

अमेरिकेतील माजी सैनिकांच्या नोंदींवर आधारित आणि मार्च २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोरोना झालेल्या १,८१,२८० जणांचा मागोवा घेतला गेला. कोरोना न झालेल्यांच्या तुलनेत वर्षभरात दर हजारी सुमारे १३ अधिक जणांना मधुमेह आढळला. रुग्णालयात दाखल न झालेल्यांनाही धोका होता, अतिदक्षता विभागात राहिलेल्यांना तो सर्वाधिक होता. हे बहुतांश वयस्कर पुरुष होते, त्यामुळे हा आकडा नाशिककरांना जसाच्या तसा लावणे योग्य नाही. मात्र भारतात आधीच सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटी लोकांना मधुमेहपूर्व अवस्था असल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३मधील अभ्यासातून दिसले आहे, म्हणून आपल्याकडे ही बाब अधिकच गांभीर्याने घ्यायला हवी.

संसर्गातील दाह इन्शुलिनचे काम बिघडवतो, आणि विषाणू स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींपर्यंत पोहोचू शकतो, असेही संशोधकांना आढळले आहे. काहींचा मधुमेह मात्र जुनाच होता. तो फक्त कोरोनाच्या वेळच्या तपासण्यांत उघड झाला.

सातपूर-अंबडच्या कारखान्यात पाळीवर परतलेला कामगार सततचा थकवा कोरोनानंतरचा अशक्तपणा समजून अंगावर काढतो. त्याच्या जोडीला वारंवार तहान आणि रात्री लघवीसाठी उठणे असेल, तर थांबू नये; लक्षणे नसली तरी त्या काळात साखर वाढलेल्यांनी डिस्चार्ज कार्ड घेऊन डॉक्टरांना भेटावे. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी चाचणी ५.७ ते ६.४ टक्के आली, तर ती मधुमेहपूर्व अवस्था असते आणि त्यापुढे मधुमेह. रक्तक्षय असणाऱ्यांत, विशेषतः अनेक महिलांमध्ये, ही सरासरी फसवी ठरू शकते. त्यांची उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखरही पाहावी लागते.