मागल्या दारची भाषा

(वेंगुर्ल्यातल्या एका वाचनालयात झालेलं भाषण. बोलण्याची लकब तशीच ठेवून थोडं संपादित केलं आहे.)

नमस्कार मंडळी. संयोजकांनी फोन करून विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, समलिंगी पुरुषांची घरातली थट्टामस्करी. पलीकडे बराच वेळ कोणी बोलेना. मग हळूच प्रश्न आला, ‘म्हणजे कायदाबियदा ना?’ म्हटलं, कायदा येईल, पण बांगड्याच्या मागून येईल.

तर आधी बांगडा. आमच्या घरात आम्ही दोघे पुरुष राहतो. मी इथला, तो कोल्हापूरचा. चौदा वर्षं झाली. पहिल्याच वर्षी एका रविवारी त्याने मला न सांगता बांगड्याचं कालवण करायला घेतलं आणि तिरफळं वाटपाबरोबर मिक्सरमध्ये फिरवली. आता इथे बसलेल्यांना सांगायची गरज नाही, पण तो तिसऱ्या रांगेत बसलाय म्हणून पुन्हा सांगतो. तिरफळातली काळी बी काढून टाकायची, साल नुसती ठेचायची आणि कालवणाला उकळी आली की वरून सोडायची. वाटली की कालवण कडू होतं आणि जीभ बधिर होऊन बसते. मी एक घास घेतला आणि माझ्या तोंडून जे बाहेर पडलं तो आवाज माझा नव्हता, माझ्या थोरल्या मावशीचा होता. ‘बरां झाला हां. दात काढूचो आसलो तर आता डॉक्टराक पैशे नको. भूल हयच गावली.’ त्याने मान वर न करता भात कालवला. म्हणाला, ‘मग काढून टाक की सगळे. तेवढीच वटवट कमी हुईल.’

त्या दिवशी मला वाटलं, हे घर टिकणार.

मावशीचा आवाज माझ्या तोंडात कुठून आला, ते आज सांगायचंय. आपल्याकडचं जुनं घर डोळ्यांसमोर आणा. पुढे खळं, मग ओटी, माजघर आणि मागे पडवी. मागल्या दाराला पाटा-वरवंटा, आडाळी, चुलीचा धूर, पलीकडे विहीर. ओटीवर पुरुष बसायचे. तिथे जमिनीचे दावे, देवळातले मानपान, कोणाचा आंबा कोणाच्या कुंपणात. बोलणं सावकाश, एका वाक्याला एक विड्याचं पान. मागल्या दाराला बायका मासे निवडत, खोबरं खवत, आणि तिथे बोलण्याला वेग असायचा. मी ओटीवर गेलो की मला पाणी आणायला पाठवायचे आणि मागे गेलो की ‘हयसर काय करतंस, जा खेळाक’ म्हणून हाकलायचे. पण मागे दोनदा हाकलून तिसऱ्यांदा हातात लसूण सोलायला द्यायचे. मी तिथलाच झालो.

माझी आजी सातबाऱ्यावर कुठेच नव्हती. सातबाऱ्यावर तेवीस नावं, पण त्यात ती नव्हती. तरी घर तीच चालवायची. एका मे महिन्यात छपराचे नळे, म्हणजे कौलं, परतायचे राहून गेले होते आणि आजोबा काही हलत नव्हते. आजी त्यांना एक शब्द बोलली नाही. ती मांजराशी बोलली. ओटीवर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, ‘माझ्या मांजरा, पाणी खंय गळता ता तुका बरां कळता. हयल्या माणसांक कळत नाय.’ दुसऱ्या दिवशी माणूस छपरावर. ज्याच्या हातात कागद नाही, त्याचं हत्यार टोमणा. सरळ मागणं करायचं तर हक्क लागतो, आणि हक्क विचारला की कोणी तरी पुरावा मागतो. मांजराशी बोलायला पुरावा लागत नाही.

आमचंही तेच आहे हो. आमच्या संसाराला कागद नाही. नवऱ्याचं काम कोणतं, बायकोचं कोणतं, हे आम्हाला कोणी लहानपणापासून पढवलेलं नाही. पढवलं ते दुसऱ्याच घरासाठी होतं. म्हणून सिलिंडर कोणी लावायचा, त्याच्या आईचा फोन कोणी उचलायचा, न्हाणीघर कोणी घासायचं, हे सगळं आम्हाला बोलून ठरवावं लागतं. आणि बैठक घेऊन कोण ठरवतं? मस्करीत ठरतं. तो म्हणतो, ‘राणीसाहेब, आज सिंकवर वस्तुसंग्रहालय उघडलंय का?’ मी म्हणतो, ‘होय, त्यात तुझो कालचो चहाचो कप आसा, तिकीट काढून बघ.’ भांडी घासली जातात. कधी तो घासतो, कधी मी.

आता थोडं व्याकरण. कंटाळू नका, यात मजा आहे. आमचे मुंबई-पुण्याचे मित्र जमले की स्त्रीलिंगी बोलतात. पंचावन्न वर्षांचा, मिशीवाला, सरकारी नोकरीतला माणूस दारातून आत येताना म्हणतो, ‘आले गं बाई मी!’ प्रमाण मराठीत ही गंमत करता येते, कारण ‘येतो’ म्हणायचं की ‘येते’ हे तिथे दर वाक्याला ठरवावं लागतं. माझी मालवणी मात्र या खेळात कच्ची. ‘मी येतंय’ पुरुषही म्हणतो, बाईही म्हणते. ‘तो जाता’, ‘ती जाता’, क्रियापद तेच. लहानपणी मला ‘मुलीसारखं बोलतोस’ असं चिडवणारे सगळे शाळेतल्या मराठीत चिडवायचे. घरच्या बोलीत कोणाच्या लक्षातही आलं नसतं. आणि याच्या घरी तर तिसरीच तऱ्हा. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात. त्याची आई पहिल्यांदा आमच्याकडे आली आणि पिशवी ठेवून म्हणाली, ‘दमलो बघ.’ तेव्हा घरात एक मुंबईचा मित्र होता. तो माझ्या कानात म्हणाला, ‘अगं, तुझी सासू तर आपल्यापेक्षा पुढची निघाली.’

चिडवायचा दुसरा मोठा विषय म्हणजे नटणं. इथे मी थोडा रेंगाळणार आहे. गणपतीच्या आधी जो तो केस काळे करतो. आमच्यात कोणी केस रंगवून आला की ‘नळे परतलेस वाटतं?’ असं विचारायची पद्धत आहे. एकाने गळ्यात तीन माळा, हातात कडं, कानात भिकबाळी असं सगळं एकदम चढवलं होतं. त्याला बघून दुसरा म्हणाला, ‘गणपती खंय बसवलंस रे? माटवी तर बांधून झाली.’ ज्यांनी माटवीला कवंडळं, सुपाऱ्या आणि नारळ लटकलेले पाहिलेत त्यांना चित्र लगेच दिसेल. आमच्या कोल्हापूरकराला चपलांचा नाद. घाटावरून येताना करकर वाजणाऱ्या चपला आणतो, आणि आपल्या पावसाळ्यात त्यांवर बुरशी येते. दर जुलैला मी विचारतो, ‘ही अळंबी आज करायची की उद्या?’ जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्यामुळे हा विनोद दोन महिने पुरवून वापरावा लागतो.

पण नटण्याचं माझं पहिलं शिक्षण दशावतारात झालं. नऊ वर्षांचा असेन. जत्रेत रात्री दोन वाजता मी पडद्यामागे डोकावलो. राणीचं काम करणारा माणूस नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचून बिडी ओढत होता. पुढे राणी म्हणून जाऊन रडला, लोक रडले, परत येऊन त्याने उरलेली बिडी पेटवली. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, संवाद उभ्याउभ्या सुचतात, आणि समोरच्याने टाकलेलं वाक्य झेलून परत मारणं ही खरी कसोटी. ते कलावंत समलिंगी असतात असं मी मुळीच म्हणत नाही. बहुतेक जण बायकापोरांचे, सकाळी शेतावर जाणारे. मला मिळालं ते एवढंच, की पुरुष स्वतःची साडी स्वतः चापूनचोपून नेसू शकतो, त्यावर शेकडो माणसं टाळ्या वाजवतात, आणि त्या नेसण्यावरून दुसरा नट त्याला सगळ्यांसमोर चिडवतो तेही कौतुकच असतं.

जगात दुसरीकडेही असं झालंय. लंडनच्या नाटकवाल्यांत आणि व्यापारी जहाजांवरच्या ब्रिटिश खलाशांत समलिंगी पुरुष बोलत अशी ‘पोलारी’ नावाची एक चोरटी बोली होती. त्यात इटालियन शब्द, जिप्सींचे शब्द, आणि काही शब्द चक्क उलटे करून: ‘हेअर’ उलटा वाचून केसांना ‘रायाह’. आपण शाळेत च-ची भाषा बोलायचो, माशाला ‘चासाम’, तशीच खोड. त्या बोलीतही पुरुषाला सहज ‘ती’ म्हणत. तिकडे १९६७ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये कायदा सैल झाला आणि पुढे ती बोली विरत गेली. रेडिओच्या विनोदी कार्यक्रमांनी ती सगळ्यांना कळून चुकली होती, आणि नव्या पिढीच्या चळवळीतल्या मुलांना ती लाजिरवाणी वाटू लागली होती. मला कोणी विचारतं, तुमचंही तसंच होणार का? चोरून बोलण्यापुरते जे शब्द होते ते जातील, जावोत. पण भांडी घासायची आहेत तोवर टोमणा कुठे जातोय?

आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम ६ सप्टेंबर २०१८ ला आमच्या मानेवरून उतरलं. एकदा २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उतरवलं होतं, २०१३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बसवलं होतं, त्यामुळे मी काही फार आशा धरून नव्हतो. चतुर्थी १३ तारखेला, म्हणजे घरात साफसफाईचा डोंगर. तो फोनवर बातमी वाचत खांबाला टेकून रडत होता. मलाही काही सुचेना. शेवटी म्हटलं, ‘रडून झाला काय? मगे माळ्यावरची समई काढ.’ त्याने शर्टाच्या बाहीला नाक पुसलं आणि म्हणाला, ‘तो शर्ट तुझा आहे.’

इथे एक कबुली देतो. ही मस्करी नेहमी गोड नसते. आमच्यातही काळा-गोरा, जाडा-बारीक, म्हातारा-तरणा यावरून लागेल असं बोलतात. एका मुलाच्या रंगावरून मी एकदा असं काही बोललो की तो परत आमच्याकडे जेवायला आला नाही. चार माणसं हसली होती, म्हणून मला वाटलं चाललं. मावशीचा नियम मी विसरलो होतो. ती नेसण्यावर बोलायची, हातच्या चवीवर बोलायची, आळसावर बोलायची. जे माणसाला बदलता येत नाही त्याला ती कधी हात लावत नसे.

दुसरं माझ्या आईने ऐकवलं. मी फोनवर मित्रांना घावण्यांचे फोटो पाठवत होतो, बिडाच्या तव्यावर कशी जाळी पडलीय बघा म्हणून. ती म्हणाली, ‘मी चाळीस वर्सां घावणे घातलंय, माझो फोटो कोणी काढूक नाय.’ मस्करी होती की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. आम्ही ज्या बायकांची भाषा उचलली, त्यांना ती भाषा धुरात बसून, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं जेवून सुचलेली होती. आम्ही पंखा लावून बोलतो. तेव्हापासून चतुर्थीचे मोदक घरी मी वळतो आणि आई खुर्चीवर बसून नावं ठेवते. तिला ते फार आवडतं.

आता कायदा, कबूल केल्याप्रमाणे. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आम्हाला लग्नाचा हक्क नाही. मग २०२४ च्या ऑगस्टमध्ये अर्थ मंत्रालयाने खुलासा केला की अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडता येतं, एकमेकांना नॉमिनी ठेवता येतं. आम्ही फॉर्म आणला आणि पहिलं नाव कोणाचं यावर आमच्यात तीन दिवस अबोला होता. त्याच सुमारास केंद्राकडून राज्यांना सांगण्यात आलं की रेशनकार्डापुरतं अशा जोडप्याला एकाच घरातलं धरा. लग्न नाही, पण तांदूळ एकत्र. आमच्या भागात हा कागद कुठवर पोचलाय ते ज्याने त्याने आपल्या दुकानात विचारून बघावं. मला त्यातली गंमत वेगळीच वाटते. जनगणनेत कुटुंब म्हणजे काय? जी माणसं एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवतात ती. आपणही भाऊ वेगळे झाले की ‘वेगळी चूल मांडली’ म्हणतो, जमिनीची वाटणी नंतर होते. म्हणजे सरकारच्या मोजणीत आम्ही बांगड्यामुळे कुटुंब आहोत, अगदी त्या कडू बांगड्यामुळेसुद्धा.

माझं संपलं. प्रश्न असतील तर विचारा.

(पहिला हात पुढच्या रांगेतल्या एका आजींचा वर गेला. ‘ता सगळा ऱ्हवांदे,’ त्या म्हणाल्या, ‘आता तो तिरफळां वाटता काय ठेचता?’ उत्तर तिसऱ्या रांगेतून आलं: ‘ठेचतोय आज्जी. पण ह्यो मोजून सातच देतोय. आठवं मागितलं की सातबारा दाखव म्हंतोय.’)