अंथरुणापुरती जागा

(दृश्य : जपानमधलं ओसाका, उमेदा परिसर. मध्यरात्र. स्टेशनचं शटर खाली येतंय.)

साडेबारा वाजून गेलेत. उमेदा स्टेशनची शटरं एकेक करून खाली येतायत. आता पुढची गाडी थेट पहाटे पाचच्या सुमारास. शेवटची लोकल चुकणं म्हणजे काय, हे मुंबईकराला सांगायला नको. पण इथे टॅक्सी करून लांबच्या उपनगरात जायचं, तर त्या भाड्यात आंघोळ, झोप आणि वर सकाळची कॉफीही निघेल.

म्हणून टाय सैल केलेली ही मंडळी टॅक्सीच्या रांगेकडे न जाता मागच्या गल्लीतल्या कॅप्सूल हॉटेलकडे वळतात. खोली नाही, माणशी झोपण्यापुरता एक कोनाडा, असं हे हॉटेल. आपणही वळू.

(दृश्य : प्रवेशद्वार. बुटांचे छोटे लॉकर.)

बूट दारातच काढायचे. ते छोट्या लॉकरमध्ये ठेवून त्याची किल्ली काउंटरवर द्यायची. बदल्यात मोठ्या लॉकरची किल्ली मिळते, मनगटात अडकवायची. म्हणजे रात्रभर आपले बूट त्यांच्या ताब्यात. अनवाणी पळून जाणार कुठे?

मोठ्या लॉकरमध्ये सूट, बॅग, ओळखपत्र सगळं जातं आणि अंगावर येतो हॉटेलने दिलेला ढगळ सुती पोशाख. सगळ्यांना एकच रंग. पाच मिनिटांत साहेब कोण आणि कारकून कोण, काही कळेनासं होतं.

आता झोपायला जायचं? नाही. आधी आंघोळ.

(दृश्य : सामायिक न्हाणीघर. वाफ.)

इथे थोडं थांबायला हवं, कारण या हॉटेलचा जन्मच न्हाणीघरातून झालाय. सत्तरच्या दशकात इथल्या एका साउनामध्ये, म्हणजे वाफेच्या स्नानगृहात, गाडी चुकलेली गिऱ्हाइकं विश्रांतीच्या दालनात, मिळेल तिथे आडवी व्हायची. मालकाच्या मनात आलं, यांना झोपण्यापुरती जागा का देऊ नये? तो गेला वास्तुरचनाकार किशो कुरोकावा यांच्याकडे. कुरोकावांनी 1972 साली टोकियोत 140 सुट्या कॅप्सूलची, म्हणजे डब्यासारख्या छोट्या खोल्यांची, नाकागिन इमारत उभारून नाव कमावलं होतं. ती इमारत 2022 साली उतरवण्यात आली. ओसाकातली कल्पना मात्र टिकली. 1 फेब्रुवारी 1979 रोजी ‘कॅप्सूल इन ओसाका’ सुरू झालं, जगातलं पहिलं कॅप्सूल हॉटेल.

न्हाणीघराची शिस्त कडक आहे. बुटक्या स्टुलावर बसून आधी अंग घासूनपुसून धुवायचं, मगच गरम पाण्याच्या हौदात उतरायचं. हौद भिजण्यासाठी आहे, मळ काढायला नाही. हातातला छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही; लोक तो घडी करून डोक्यावर ठेवतात. अंगावर गोंदण असेल, तर बऱ्याच ठिकाणी प्रवेशच मिळत नाही.

(दृश्य : दुमजली कॅप्सूलची लांब रांग. मंद पिवळा उजेड.)

आणि हा आपला कोनाडा. हो, कोनाडाच. जुन्या वाड्याच्या भिंतीत दिवा ठेवायचे, तसा इथे माणूस. लांबी साधारण 2 मीटर, रुंदी आणि उंची जेमतेम 1 मीटर. वरचा कोनाडा मिळाला तर शिडी चढायची. ज्याने आयुष्यभर रेल्वेचा ‘साइड अपर’ झेललाय, त्याला ही चैन वाटेल. बसलं तर डोकं छताला लागत नाही, गादी सरळ आहे आणि पायाला कोणाची बॅग लागत नाही. उशाशी दिवा, गजर, कपडे टांगायला हुक. जुन्या हॉटेलांत छोटा टीव्हीसुद्धा.

दार मात्र नाही, नुसता ओढून घ्यायचा पडदा. कायद्याच्या लेखी ही खोली नव्हेच. अनेकांनी मिळून वापरायची ती साधी निवासाची जागा. कुलूप लावलं तर तिची स्वतंत्र खोली होते आणि खोलीला अग्निसुरक्षेचे वेगळे नियम लागतात.

(दृश्य : अंधार. फक्त आवाज.)

पडदा खाली ओढला, की दिसायचं थांबतं. ऐकू येणं सुरू होतं. कोणाचं तरी घोरणं. शिडीवर पाय. प्लास्टिकच्या पिशवीची चुरचुर, ती आवाज होऊ नये म्हणून इतकी हळू उघडली जाते, की संपतच नाही. पन्नासेक माणसं एका दालनात, आणि बोलत कोणीच नाही. काउंटरवर इयरप्लग मिळतात. घ्या.

बराच काळ ही पुरुषांचीच दुनिया होती. आता पुष्कळ ठिकाणी बायकांसाठी वेगळे मजले आहेत. 2009 साली क्योतोत ‘नाइन अवर्स’ नावाचं कॅप्सूल हॉटेल आलं. नावातच हिशेब : 1 तास आंघोळ, 7 तास झोप, 1 तास आवराआवर. 2021 साली मुंबई सेंट्रल स्थानकातही 48 पॉडचं हॉटेल सुरू झालं. कोनाडे आले, गरम पाण्याचा हौद तेवढा मागे राहिला.

(दृश्य : पहाट. आरशांची रांग.)

पावणेपाच. कुठेतरी गजर वाजतो आणि दुसऱ्याच ठोक्याला दाबला जातो. आरशांसमोर दाढ्या चालल्यात. कालचाच शर्ट, पण टाय पुन्हा घट्ट. काउंटरवर मनगटातली किल्ली परत जाते, बुटांची किल्ली हातात येते.

बाहेर स्टेशनचं शटर वर चाललंय.