शिमग्यानंतरचा दर्या आणि गळाची दोरी

सगळ्यांना नमस्कार. मागं बसलेल्यांनी जरा पुढं या की, खुर्च्या रिकाम्या आहेत, कारण मी आधी एक आवाज ऐकवणार आहे आणि तो लांबून नीट ऐकू येत नाही. हे माझं रीळ. माईकजवळ धरतो आणि दोरी ओढतो. र्र्र्र्र... आलं ऐकू? मासा दोरी ओढून पळायला लागला की रिळातनं हा आवाज येतो, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्या माणसाच्या हातापायाला कापरं भरतं. वसंत व्याख्यानमालेत मासे गरवण्यावर बोलशील काय असं विचारलं तेव्हा मी एका मिनिटात हो म्हटलं, कारण ह्या एका आवाजाच्या वेळी काय करायचं आणि काय नाही करायचं हे सांगायला मला दीड तास पण कमी पडेल.

आता तुम्ही म्हणाल बेळगावात समुद्र कुठला. बरोबर आहे, आपण समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर वर राहतो, आपलं मासे पकडणं म्हणजे मार्कंडेय, घटप्रभा, हिडकलचं बॅकवॉटर, मरळ नाहीतर शिंगाळा, आणि पहिल्या पावसात ओढ्याला चढणीचे मासे. मी पण तिथंच शिकलो. पण दर्या आपल्याला परका नाही. खानापूर तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते, आणि त्याच तालुक्याच्या जंगलातनं म्हादई निघते ती पश्चिमेला वळते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीला अरबी समुद्रात जाते. म्हणजे आपल्या एका तालुक्यातला पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो. आणि रेल्वे यायच्या आधी बेळगावचा माल वेंगुर्ला बंदरातनंच चढायचा उतरायचा. आजपण रात्री दोनला निघून आंबोली उतरलं की उजाडायच्या आत आपण वेंगुर्ल्याच्या जेटीवर असतो.

मी जातो ते शिमगा झाल्यावर, फाल्गुन संपता संपता ते वैशाखापर्यंत. का तर त्या दिवसांत सकाळचा दर्या तेलासारखा असतो. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, आठवतंय काय? रात्री जमीन लवकर थंड होते म्हणून पहाटे वारा जमिनीवरनं समुद्राकडं जातो, मतलई, तो हलका असतो आणि बोटीला मागनं हात दिल्यासारखा बाहेर नेतो. दहा-अकरा वाजले की जमीन तापते, वारा फिरतो, वायव्येकडनं खारा वारा सुटतो आणि पाण्यावर पांढरे घोडे, म्हणजे फेसाळ लाटा, दिसायला लागतात. म्हणून साडेपाचला निघायचं आणि दुपारी एक-दीडला परत, ह्यात तांडेलाशी, म्हणजे बोट चालवणाऱ्याशी, वाद घालायचा नाही. आणि १ जूनला तर दर्या बंदच होतो, पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी असते, त्यामुळं चैत्र-वैशाख म्हणजे वर्षातले शेवटचे चांगले दिवस.

चार्टर बोट म्हणजे काय, तर बोट दिवसभरासाठी आपण भाड्यानं घ्यायची, सहाजणांत वाटून घेतलं की परवडतं. फायबरची बोट, मागं आउटबोर्ड इंजिन, कडेला रॉड उभे करायला नळ्या, एक तांडेल आणि एक खलाशी. चढायच्या आधी तीन गोष्टी डोळ्यानं बघून घ्या, रजिस्ट्रेशन नंबर, माणशी एक लाईफ जॅकेट आणि किनाऱ्याशी बोलायला चालू असलेला व्हीएचएफ रेडिओ. यातलं एक जरी नसेल तर दिलेला ॲडव्हान्स सोडून द्या आणि घाट चढा.

आमचा तांडेल मालवणी माणूस, साठीच्या पुढचा. त्याच्या मोबाईलवर हैदराबादच्या इन्कॉइस ह्या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज असतो, आवाजाच्या लाटांनी तळ शोधणाऱ्या सोनार यंत्राच्या स्क्रीनवर खालचा खडक दिसतो, जीपीएसमध्ये जागा साठवलेल्या आहेत, सगळं आहे. तरी तो बघतो कुठं तर आभाळाकडं. कुरर पक्षी एका ठिकाणी घिरट्या घालून पाण्यात सूर मारायलेत म्हणजे खाली बारीक मासळी वर आलेली आहे, आणि बारीक मासळी आपणहून वर येत नाही, तिला खालनं कोणीतरी हाकललेलं असतं. ते हाकलणारं जे आहे त्याच्यासाठी आपण गेलेलो असतो.

भरतीची वेळ काढायला पण त्याला ॲप लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. आज चतुर्थी आहे, चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहाच्या सुमाराला. गावागणिक थोडं मागंपुढं होतं, पण हिशेब चुकत नाही, कारण भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त उशिरा येते आणि तिथी रोज एकनं पुढं सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी जोरात धावतं, आणि अष्टमीच्या आसपास भांग, पाणी सुस्त. पाणी फिरायच्या आधीचा आणि नंतरचा तासभर मासा खातो असं तांडेल म्हणतो आणि माझ्या वहीतल्या नोंदी बघितल्या तर त्याचंच खरं निघतं.

पहिली सुरमई. वेंगुर्ला रॉक्स म्हणून खडकाळ बेटं आहेत, किनाऱ्यापासून आत समुद्रात, त्यावर दीपगृह आहे आणि तिथल्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात. त्या खडकांच्या कडेनं आम्ही ट्रोलिंग करत होतो, म्हणजे बोट पाच-सहा नॉटनं, तासाला दहाएक किलोमीटर चालत राहते आणि मागं दोन-तीन दोऱ्यांना लाकडी किंवा प्लॅस्टिकचे खोटे मासे, लूर म्हणतात त्याला, ओढत न्यायचे. अर्धा तास काही नाही. आणि एकदम र्र्र्र्र, रॉड अर्धा वाकला. मी रॉड उचलला आणि मला काय आठवलं तर हिडकलची मरळ. मरळीला ढील दिली की ती मुळांत शिरते, म्हणून तिथं पहिल्या झटक्याला ओढून काढायची सवय. मी ड्रॅगचा, म्हणजे रिळाच्या ब्रेकचा, नट आवळला. तांडेल मागनं ओरडला, "वढू नको रे, जावंदे तिका, दमतली ती!" तोवर दोरी सैल पडली होती. लूर गेला, मासा गेला. आणि मला आजपण वाईट वाटतं ते लूर गेल्याचं नाही, तोंडात दोन तिहेरी गळ घेऊन ती खाली गेली त्याचं.

तर ड्रॅग. हा समजला की बाकीचं सगळं हळूहळू येतं. रिळात चकत्या असतात, एकीवर एक दाबलेल्या, सायकलच्या ब्रेकसारख्या. ठराविक ओढीपर्यंत दोरी धरून ठेवायची आणि त्यापुढं सोडायची एवढंच त्यांचं काम. हिशेब असा की दोरी जेवढ्या वजनाला तुटते त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर ड्रॅग लावायचा. वीस किलोची दोरी असेल तर सहा-सात किलो. हे अंदाजानं लावू नका, सामान मोजायचा हुकाचा काटा मिळतो तो दोरीला बांधा, दुसऱ्याला ओढायला सांगा, आकडा बघा. घरी, निवांत लावा, आणि मासा लागल्यावर त्याला हात लावू नका. तिसरा हिस्साच का? दोरीला गाठ असते, गाठीत ताकद कमी होते, मासा झटका मारतो तेव्हा ओढ एका क्षणात दुप्पट होते, आणि बाहेर गेलेल्या दोरीला पाण्याचा पण ओढा बसतो. त्या सगळ्याला जागा ठेवावी लागते. मासा पळायला लागला की रॉड उंच धरून नुसतं उभं राहायचं. तो थांबला की रॉड सावकाश वर घ्यायचा, आणि खाली आणता आणता दोरी गुंडाळायची. वर घ्या, गुंडाळत खाली या. परत पळाला तर परत पळू द्या.

सुरमईसाठी अजून एक, तिचे दात कात्रीसारखे असतात, म्हणून लूरच्या पुढं वीतभर तरी तार लागतेच. आणि ती माशाला मागनं तोडते, शेपटीचा अर्धा भाग कापून नेते आणि उरलेला घ्यायला परत येते, त्यामुळं खरं आमिष लावलं असेल तर शेवटचा गळ शेपटीजवळ पाहिजे. बारीक गोष्ट आहे, पण दिवसभर नुसती कापलेली आमिषं वर यायली तर कारण हेच.

आता दर्यात किती आत जायचं हा प्रश्न मला नेहमी विचारतात. अंदमानला, लक्षद्वीपला किनारा सोडला की थोड्या वेळात तळ खोल जातो, तिथं मोठा कुपा, सेलफिश जवळ मिळतात. आपल्या कोकणात तसं नाही, इथला समुद्रतळ लांबवर उथळ उतरत जातो, खरं खोल पाणी यायला शंभर किलोमीटरच्या आसपास जावं लागतं. मालवण-विजयदुर्गच्या समोर तेवढ्याच अंतरावर आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची, पाण्याखालचं पठार, त्यावर प्रवाळ आहेत. एका दिवसाच्या चार्टरनं तिथं कोणी नेतो म्हणाला तर जाऊ नका. आपल्याला खडक पुरेत. खडकाभोवती सुरमई, कोकर, बाराकुडा, आणि तळाला गोबरा, तांबोशी.

गोबऱ्याचं सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही तीसेक मीटरवर जिगिंग करत होतो. जिग म्हणजे शिशाचा नाहीतर पोलादाचा लांबट तुकडा, तळाला टेकवायचा आणि झटके देत वर आणायचा. गोबरा लागला, दोनेक किलोचा, आणि मी भरभर वर काढला. तो वर आला तेव्हा त्याच्या तोंडातनं गुलाबी फुग्यासारखं काहीतरी बाहेर आलं होतं आणि डोळे खोबणीतनं पुढं आले होते. ते त्याचं पोट. त्याच्या अंगात हवेची पिशवी असते, पाण्यात तरंगायला. दर दहा मीटरला दाब एका वातावरणानं वाढतो, म्हणजे तीस मीटरवर चारपट दाब, आणि तिथनं एकदम वर आणला की आतली हवा चारपट फुगते आणि पोटाला तोंडातनं ढकलते. आम्हाला गोबरा ठेवायचा नव्हता. मी त्याला सोडून दिला आणि चांगलं काम केलं असं मला वाटलं. बोट वळली तरी तो पाण्यावर उलटा तरंगतच होता, शेपटी मारत होता, खाली जाता येईना, आणि वर घार फिरायला लागली होती. मी तांडेलाला बोट फिरवायला सांगितली आणि तो मासा परत उचलून घेतला. त्या रात्री आम्ही तो खाल्ला, पण घास गोड लागला नाही.

त्यानंतर मी एक शिकलो ते आज इथं करून दाखवतो. हे अर्धा-पाऊण किलोचं शिसं. ह्याला हा गळ उलटा बांधलाय आणि ह्याचा काटा पकडीनं दाबून सपाट केलाय. हा गळ माशाच्या खालच्या ओठात अडकवायचा आणि शिशासकट मासा खाली सोडायचा. तळाशी पोचला की दाब परत येतो, पिशवी आकसते, मासा हुशार होतो. मग दोरीला एक झटका, गळाला काटा नसल्यामुळं तो सुटतो आणि मासा जातो. खर्च काय, तर एक शिसं आणि एक गळ. प्रत्येक बोटीवर हे पाहिजे. सुरमईला ही हवेची पिशवीच नसते, म्हणून ती वरखाली कशीही धावते, तिला हा त्रास नाही. पण तिला फार वेळ दमवली आणि वर फोटो काढत बसलं तर ती पण वाचत नाही. सोडायची असेल तर हात ओले करा, कल्ल्यात बोटं घालू नका, शक्यतो पाण्यातच गळ काढा.

आणि सोडायची कशासाठी हेही बोललं पाहिजे. बऱ्याच माशांची गाबोळी पावसाळ्याच्या तोंडावर भरते, बंदी आहे ती खवळलेल्या दर्यासाठी आहे तशी त्यासाठीपण आहे. म्हणजे आपण ज्या दिवसांत हौसेनं जातो त्याच दिवसांत पोटुशी मासळी खडकाजवळ असते. आमच्या ग्रुपचा नियम आहे, माणशी एक मासा, तो पण मध्यम, आणि मोठी जड मादी असेल तर ती परत. कोळी माणसाला हा नियम मी सांगणार नाही, त्याचं पोट त्यावर आहे, आणि एलईडी दिवे लावून मासेमारीला २०१७ पासून केंद्राची बंदी असतानासुद्धा रात्री क्षितिजावर उजेड दिसतो तेव्हा किनाऱ्यावरनं जाळं ओढणाऱ्या रापणवाल्याच्या जिवाचं काय होतं ते मी जवळनं बघितलंय. पण आपलं पोट त्यावर नाही. कॅम्पातल्या फिश मार्केटात आपल्याला सुरमई मिळते. आपण दोरीसाठी जातो, तर मग दोरीपुरतंच घेऊ या.

उलटीचं थोडक्यात. गोळी आदल्या रात्री एक आणि निघताना एक, डॉक्टरला विचारून. उपाशी जाऊ नका, तेलकट खाऊन पण जाऊ नका, इंजिनच्या धुराजवळ बसू नका आणि नजर मोबाईलवर नाही, क्षितिजावर ठेवा.

व्हेल शार्क दिसला तर? हो, दिसतो कधीकधी, अंगावर पांढरे ठिपके, बोटीएवढा. २००१ पासून त्याला वाघासारखंच कायद्याचं संरक्षण आहे. इंजिन न्यूट्रलला टाकायचं, दोऱ्या वर घ्यायच्या आणि तो जाईपर्यंत बघत राहायचं.

शेवटचा प्रश्न त्या पलीकडच्या काकूंचा, "मला पोहायला येत नाही, मी येऊ शकतो काय?" या की काकू. आमच्या तांडेलाचा खलाशी जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघितल्याशिवाय कोणाला चढू देत नाही. पुढच्या अष्टमीला, भांगाचं पाणी आहे, पाण्याला ओढ कमी असेल. रात्री दोनला निघायचं. रॉड मी देतो, तुम्ही फक्त र्र्र्र्र झालं की नटाला हात लावू नका.