माळ्यावरची पेटी

पंचगंगेला पाणी चढायला लागलं की कोल्हापुरात आमच्या शुक्रवार पेठेत एकच प्रश्न असतो, "किती फूट झालं?" राजाराम बंधाऱ्यावर 39 म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. ऑगस्ट 2019 मध्ये आकडा 55 च्याही पुढं गेला आणि नदी सोप्यातून आत आली. जुलै 2021 मध्ये पुन्हा आली. दोन्ही वेळा आईनं आधी धान्याचे डबे माळ्यावर चढवले, मग कागदपत्रं, आणि मग ही पत्र्याची पेटी. मी पुण्यात होते. फोनवर रडू आवरत मी पेटीचंच विचारत होते.

आता हे घर रिकामं होतंय. आई-बाबांना माळ्याची शिडी झेपत नाही, आणि दर पावसाळ्यात नदीची धास्ती तरी किती वर्षं घ्यायची? नव्या फ्लॅटला माळा नाही. म्हणून पेटी खाली उतरली.

वरच्या थरात मावळे आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. दिवाळीची सुट्टी लागली की परड्यात किल्ला व्हायचा. दगड-विटांचा ढीग, त्यावर ओलं गोणपाट, वर चिखल, आणि उतारावर पेरलेले हळीव. मावळे कुंभार गल्लीतून यायचे, एका दिवाळीला दोन किंवा तीन, त्याहून जास्त पैसे नसायचे. म्हणून या फौजेत एकसारखे दोघं सापडणार नाहीत. हा भालदार पहिला. ही गवळण दादाला नको होती, मीच हट्टानं आणली होती. हा तोफेजवळचा, याचा हात कुणी मोडला यावरून दादा आणि मी तीन दिवस बोललो नव्हतो. दिवाळी सरली की किल्ला मोडायचा. त्याचं कधी वाईट वाटलं नाही. मावळे पेटीत असायचे ना.

बेंदराचे बैल मात्र यात नाहीत. कच्च्या मातीचे, आईनं पुजलेले, ते खालच्या कोनाड्यात होते. पूर ओसरल्यावर कोनाड्यात नुसता गाळ होता, आणि त्यात बेगडाची एक चिंधी. आईनं ती धुऊन माझ्यासाठी ठेवली होती. पण त्या बैलांसाठी मला मन तयार करावं लागलं नाही, कारण मला कुणी विचारलंच नव्हतं. ही पेटी मला विचारतेय.

खाली भातुकली आहे. लाकडी जातं, उखळ-मुसळ, पोळपाट-लाटणं, सूप, सगळं लाखेच्या रंगातलं. बाबा कामाला सावंतवाडीला गेले होते तेव्हा आणलं. आंबोलीचा घाट उतरून गेलेली एसटी त्याच घाटानं वर आली आणि बाबा मध्यरात्री खोका मांडीवर घेऊन घरी पोहोचले. याच्याही तळाशी पितळेची बोळकी. ती आईच्या लहानपणची. बोटभर पातेल्यांना आतून खरी कल्हई आहे. आणि हा बंब. याला नळ आहे, धुराडं आहे, खाली विस्तवाची जागा आहे. आमच्या न्हाणीतला मोठा बंब मोडीत गेला त्याला वीस वर्षं झाली. हा राहिला.

आणि ही ठमी. आजीच्या इरकली लुगड्याच्या काठातून शिवलेली, काळ्या लोकरीच्या वेणीची.

आधी मी जवळच्या अंगणवाडीत गेले. सेविकाताईंनी एकेक वस्तू उजेडात धरून पाहिली. "ताई, ह्याचा रंग सुटलाय. आमची पोरं समदं तोंडात घालत्यात." बारकी झाकणं त्यांनी बाजूला काढली, तीन वर्षांचं पोर गिळेल म्हणून. शेवटी ठेवून घेतलं ते फक्त पोळपाट-लाटणं आणि सूप. परत येताना मला फार लागलं होतं. एवढ्या मायेनं जपलेलं कुणी परत करतं? पण बरोबर त्याच होत्या. जुन्या रंगात शिसं असू शकतं. आपल्याला जीव लावलेली वस्तू दुसऱ्याच्या लेकराला चांगलीच असेल, असं नसतं. आणि मोडकं-तोडकं देऊन त्याला दान म्हणणं मला तरी पटत नाही. रंग उडालेलं जातं आणि उखळ आता बाबांच्या टेबलावर आहे.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "मावळे दे की कुणाला पण." मग जरा थांबून, "तोफवाला ठेव." तोफवाला ठेवला.

मावळे आणि गवळण पलीकडच्या घरातल्या दोघा भावांनी नेली. परड्यात किल्ला होतो त्यांच्या. त्यांची बहीण दारातच उभी होती. सहा वर्षांची. पितळी भांडी मी आदल्या रात्री चिंचेनं घासून ठेवली होती, ती उन्हात चमकत होती. "मी नेतो की हे," ती म्हणाली. आमच्याकडं मुलीही अशाच बोलतात. मीही बोलायची, पुण्यात जाऊन सुटलं.

मला तिला सगळं सांगायचं होतं. कल्हई कशी करतात. हा बंब कुणाचा. आई आणि मावशी यात चिरमुरे भरून पाणी तापवल्याचं सोंग कशा करायच्या. ठमीची एक वेणी दुसरीपेक्षा आखूड का आहे. रात्रभर मी ते मनात जुळवत होते, जणू सांगितलं नाही तर देणं अपुरं राहील. पण ती माझ्याकडं बघतच नव्हती. तिनं ठमीला उचललं, नीट न्याहाळलं आणि जाहीर केलं, "हिचं नाव श्रावणी."

माझ्या तोंडात ठमी आलं होतं. ते मी गिळलं. खरं सांगते, पेटी उघडल्यापासून जे जड वाटत होतं ते एवढंच होतं. वस्तू हातातून सुटायला वेळ लागला नाही. तिचं नाव सोडायला लागला.

श्रावणीला भिंतीला टेकवून बसवलं गेलं. पातेली मांडली गेली. मग तिनं बंब हातात घेतला, उलटा केला, नळ फिरवून पाहिला. घरात बंब कधी पाहिलेलाच नाही तिनं. थोडा विचार केला आणि तो पातेल्यांच्या शेजारी कोपऱ्यात उभा केला, मधे एक दोरी टाकली.

आई माझ्या मागं येऊन उभी होती. तिच्या आईनं दिलेला बंब. मला वाटलं आता ती सांगेल. ती काही बोलली नाही, पायरीवर टेकली.

पोरीनं दोनदा काडी ओढल्यासारखं केलं आणि कपाळाला हात लावला.

"आजी," ती आईला म्हणाली, "गॅस संपलाय. टाकी सांगा की."

आईनं पदर खोचला. "सांगतो," म्हणाली, आणि बंब उचलून बदलून आणायला आत गेली.